कायदा झाला, पण लायसन्स कधी? अमेरिकेत नव्यानं येणाऱ्या नर्सेससाठी मल्टिस्टेट लायसन्सची वाट

१ जुलै २०२१ रोजी पेनसिल्व्हेनियाचे तेव्हाचे गव्हर्नर टॉम वुल्फ यांनी नर्स लायसन्शर कॉम्पॅक्टच्या, म्हणजे नर्सेसच्या लायसन्सविषयीच्या राज्याराज्यांतल्या कराराच्या, कायद्यावर सही केली. त्या आठवड्यात आमच्या युनिटमध्ये दुसरा विषय नव्हता. मी तेव्हा डेलावेअर नदीच्या काठी, बक्स काउंटीत राहत होते, आणि नदीपलीकडच्या न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलची ऑफर माझ्याकडे होती. गाडीनं अर्धा तास. न्यू जर्सीच्या वेगळ्या लायसन्सचा अर्ज भरायचा बाकी होता. मी विचार केला, आता कायदा झालाच आहे, एकच लायसन्स दोन्हीकडे चालणार, मग ही फी आणि हे कागद कशाला? थांबले. ती जागा दोन महिन्यांत दुसऱ्या कुणाला गेली.

पेनसिल्व्हेनियानं आपल्या रहिवासी नर्सेसकडून मल्टिस्टेट लायसन्सचे अर्ज घ्यायला सुरुवात केली ती ७ जुलै २०२५ रोजी. सहीपासून चार वर्षांनी.

तेव्हापासून नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या, आखाती देशांत काम करून इथं आलेल्या, ग्रीन कार्ड घेऊन उतरलेल्या किती तरी मराठी सिस्टर्सना आणि ब्रदर्सना मी याच जागी अडखळताना पाहिलं आहे. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बोर्डाच्या वेबसाइटवर माहिती असते, पण सुटीसुटी असते, आणि कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीवर अडते ते तिथं कुणी सांगत नाही.

मुळात हे आहे काय

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेल्या नर्सला दिल्लीत नोकरी लागली की इकडची एनओसी घ्या, तिकडच्या कौन्सिलमध्ये नोंदणी करा, हे आपल्याला माहीत आहे. अमेरिकेतही मूळ पद्धत तशीच. प्रत्येक राज्याचं बोर्ड ऑफ नर्सिंग वेगळं, लायसन्स वेगळं. एनक्लेक्स ही लायसन्सची परीक्षा मात्र एकदाच द्यायची असते. ती पास झालात की पुढच्या राज्यात फक्त एन्डॉर्समेंटनं, म्हणजे आधीच्या लायसन्सच्या आधारावर, अर्ज करता येतो.

कॉम्पॅक्ट हा राज्याराज्यांतला करार आहे. पुण्याच्या आरटीओचं लायसन्स खिशात ठेवून आपण गोव्यात गाडी चालवतो, तसं आपल्या राहत्या राज्याचं मल्टिस्टेट लायसन्स घेऊन करारातल्या दुसऱ्या राज्यात ड्युटी करता येते. कराराची पहिली आवृत्ती २००० च्या सुमारास सुरू झाली. सध्याची, जास्त कडक अटींची आवृत्ती २६ राज्यांनी कायदा केल्यावर २० जुलै २०१७ रोजी अस्तित्वात आली आणि १९ जानेवारी २०१८ पासून अमलात आली. २०२५ पर्यंत ४१ राज्यं, शिवाय ग्वाम आणि यूएस व्हर्जिन आयलंड्स, अशा ४३ ठिकाणी कायदा झाला होता. बाहेर राहिलेल्यांत आपल्या लोकांची मोठी वस्ती असलेली कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि इलिनॉय ही राज्यं आहेत. मिशिगन, मिनेसोटा, ओरेगन, नेवाडा, हवाई, अलास्का आणि राजधानी वॉशिंग्टन डीसीही बाहेरच.

‘कायदा झाला होता’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. त्या ४३ पैकी प्रत्येक ठिकाणी लायसन्स मिळत होतंच असं नव्हतं.

पहिलं काम: एका राज्याच्या तीन तारखा शोधा

‘हे राज्य कॉम्पॅक्टमध्ये आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. तीन प्रश्न विचारा. कायद्यावर सही कधी झाली? बाहेरच्या राज्यांचं मल्टिस्टेट लायसन्स इथं कधीपासून चालतं? आणि इथल्या रहिवाशाला मल्टिस्टेट लायसन्स कधीपासून मिळतं?

यातला दुसरा टप्पा काही राज्यांत तिसऱ्याच्या आधी येतो, आणि गोंधळ तिथंच होतो. पेनसिल्व्हेनियात ५ सप्टेंबर २०२३ पासून बाहेरच्या मल्टिस्टेटवाल्या नर्सेस काम करू शकत होत्या. न्यू जर्सी १५ नोव्हेंबर २०२१ पासून पुरतं सामील झालेलं होतं. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं अशी गेली की न्यू जर्सीतल्या ट्रेंटनची नर्स पूल ओलांडून आमच्याकडे ड्युटीला येत होती, आणि त्याच पुलावरून मला पलीकडे जायचं तर न्यू जर्सीचं वेगळं लायसन्स लागत होतं. वर्तमानपत्रांतले मथळे मात्र ‘पेनसिल्व्हेनिया कॉम्पॅक्टमध्ये’ एवढंच सांगत होते. ते खोटं नव्हतं, पण माझ्या उपयोगाचंही नव्हतं.

वॉशिंग्टन राज्यानं हेच काम झपाट्यानं केलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये सही, त्याच जुलैत बाहेरच्यांना परवानगी, आणि २०२४ च्या जानेवारीअखेर आपल्या नर्सेसचे अर्ज. कनेक्टिकटनं २०२४ मध्ये कायदा करताना १ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आधीच ठरवली. न्यू जर्सीला २०१९ च्या जुलैपासून दोन वर्षांहून जास्त लागली. मॅसॅच्युसेट्समध्ये २० नोव्हेंबर २०२४ रोजी सही झाली, पण त्या सहीनं बॉस्टनच्या कुठल्याही नर्सचं लायसन्स आपोआप बदललं नाही. तेव्हा शेजारच्या राज्याला जेवढा वेळ लागला तेवढाच आपल्यालाही लागेल, असा हिशेब मांडू नका.

तारखा कुठं पाहायच्या? कॉम्पॅक्टच्या अधिकृत संकेतस्थळावर, म्हणजे नर्सकॉम्पॅक्ट डॉट कॉमवर, नकाशा आहे. त्यात पूर्ण अंमलबजावणी झालेली राज्यं एका रंगात असतात. नुसता कायदा झालेली किंवा अर्धवट अंमलबजावणीची राज्यं वेगळ्या रंगात. नकाशाखालची रंगांची सूची वाचल्याशिवाय तो नकाशा बघू नका. त्यानंतर त्या राज्याच्या बोर्डाच्या वेबसाइटवर जाऊन अर्जाचं पान प्रत्यक्ष उघडतं का ते पाहा. अर्जच उघडत नसेल तर तिसरा टप्पा आलेला नाही.

उशीर का होतो हे समजून घ्या, म्हणजे वाट किती पाहायची ते कळेल

पेनसिल्व्हेनियाचं घोडं अडलं ते बोटांच्या ठशांवर. कराराची अट आहे की मल्टिस्टेट लायसन्स देण्याआधी प्रत्येक नर्सची राज्य आणि केंद्र अशी दोन्ही पातळ्यांवर ठसे घेऊन गुन्हेविषयक तपासणी व्हावी. केंद्राची नोंद असते एफबीआयकडे. एफबीआय ती माहिती राज्याच्या बोर्डाला सहज देत नाही. राज्याच्या कायद्यात त्यासाठी ठरावीक शब्दांत अधिकार दिलेला असावा लागतो, आणि ते शब्द एफबीआयला मान्य व्हावे लागतात. पेनसिल्व्हेनियाचा २०२१ चा कायदा त्या कसोटीला उतरला नाही. मग विधिमंडळात दुरुस्ती आणावी लागली, तिच्यावर गव्हर्नर जॉश शपिरो यांनी २०२४ च्या जुलैत सही केली, आणि त्यानंतर ठशांची यंत्रणा, अर्जाची प्रणाली असं सगळं उभं राहायला आणखी एक वर्ष गेलं.

हे वाचून राग येतो. मलाही आला. तपासणीची अट चुकीची आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. आपल्या आईला जी नर्स औषध देणार आहे तिची तपासणी झालेली असावी असंच कुणालाही वाटेल. पण कायद्यातल्या एका कलमाच्या शब्दरचनेपायी हजारो नर्सेस दोन-दोन लायसन्सच्या फिया भरत राहिल्या आणि नदीकाठच्या हॉस्पिटलांना माणसं मिळेनात, याची झळ विधिमंडळात बसलेल्यांपर्यंत लवकर पोचली नाही, ही माझी खंत आहे.

यातून तुमच्यासाठी एक उपयोगी खूण निघते. तुमच्या राज्याचा कायदा झाला असेल तर बोर्डाच्या बैठकीच्या इतिवृत्तात, नाहीतर वेबसाइटवरच्या प्रश्नोत्तरांत, ‘एफबीआयची मान्यता’ मिळाली का ते शोधा. मिळाली असेल तर पुढचं काम बहुधा सॉफ्टवेअर, नियम आणि माणसबळ यांचं असतं. मिळाली नसेल तर महिन्यांचा हिशेब करू नका.

जी राज्यं बाहेरच आहेत तिथला उशीर वेगळ्या जातीचा. न्यूयॉर्क आणि मिनेसोटामधल्या नर्सेसच्या संघटना कराराला उघड विरोध करतात. बाहेरून आणलेल्या नर्सेसमुळे संपाची आणि वाटाघाटीची ताकद कमी होईल, आणि राज्याचा आपल्या निकषांवरचा ताबा सुटेल, अशी त्यांची भूमिका आहे. तिथं विधेयकं येतात आणि अडकतात. न्यूयॉर्कमध्ये राहणार असाल तर एका राज्याच्या लायसन्सवरच बेत आखा.

राहतं राज्य कोणतं, ते आधी ठरवा

मल्टिस्टेट लायसन्स मिळतं ते तुम्ही राहता त्या राज्याकडून, नोकरी करता त्या राज्याकडून नाही. जर्सी सिटीत राहून मॅनहॅटनला कामाला जाणारी नर्स न्यू जर्सीचं मल्टिस्टेट घेऊ शकते, पण मॅनहॅटनसाठी तिला न्यूयॉर्कचं वेगळं लायसन्स लागेलच. उलट न्यूयॉर्कमध्ये राहून न्यू जर्सीत काम करणाऱ्या नर्सला न्यू जर्सी फक्त आपल्यापुरतं लायसन्स देईल.

राहतं राज्य सिद्ध होतं ड्रायव्हिंग लायसन्स, केंद्राचं टॅक्स रिटर्न, पगाराचा डब्ल्यू-२ अशा कागदांवरून. यादीत मतदार नोंदणीही असते, आणि इथं मला मोठ्यानं सांगायचं आहे: नागरिक नसाल तर मतदार नोंदणीच्या वाटेला जाऊ नका. ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात फॉर्मवर तो चौकोन असतो, आणि रांगेतल्या घाईत लोक खूण करून मोकळे होतात. ग्रीन कार्डवाल्यांनाही ती चूक पुढे फार महाग पडते.

व्हिसावर असलेल्या नर्सला अर्जात एक निवड असते. राहतं ठिकाण म्हणून मायदेश सांगता येतो, नाहीतर कॉम्पॅक्टमधलं राज्य. भारत लिहिलंत तर एका राज्यापुरतंच लायसन्स मिळेल. हे माहीत नसल्यामुळे ‘कायमचा पत्ता’ म्हणून सरळ साताऱ्याचा पत्ता देणाऱ्या मुली मला भेटल्या आहेत.

आणि सोय म्हणून मैत्रिणीच्या न्यू जर्सीतल्या घरचा पत्ता देऊ नका. अर्जातली खोटी माहिती ही शिस्तभंगाची बाब आहे, आणि एकदा कारवाई झाली की ती नोंद सगळ्या राज्यांना दिसते.

सोशल सिक्युरिटी नंबर

मल्टिस्टेटसाठी हा नंबर हवाच. एच-४ वर ईएडी, म्हणजे काम करण्याचा परवाना, नसेल तर तो मिळत नाही, म्हणजे तोवर मल्टिस्टेटही नाही. म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. न्यूयॉर्कसारखी काही राज्यं नंबर नसतानाही अर्ज घेतात आणि एनक्लेक्सची वाट मोकळी करतात. एनक्लेक्स मुंबईतही देता येते. अभ्यास ताजा असताना परीक्षा पार पाडा.

कागद: भारतातून निघतानाच्या बॅगेत काय हवं

करारातल्या सामाईक अटी ११ आहेत. परदेशात शिकलेल्यांना त्यातल्या दोन जास्त जाचतात. एक, तुमच्या शिक्षणाची स्वतंत्र मूल्यांकन संस्थेकडून तपासणी झालेली हवी. दोन, कोर्स इंग्रजीत नसेल किंवा तुमची मातृभाषा इंग्रजी नसेल तर इंग्रजीची परीक्षा पास झालेली हवी. त्या ‘किंवा’कडे नीट पाहा. आमचं बीएस्सी नर्सिंग इंग्रजीतूनच झालं, असं म्हणून भागत नाही. आपली मातृभाषा मराठी आहे. काही राज्यं आपल्या एकट्याच्या लायसन्ससाठी कॉलेजचं पत्र चालवून घेतात, आणि मग काही वर्षांनी तीच नर्स मल्टिस्टेट मागायला गेली की परीक्षेचा पुरावा मागितला जातो. निकालपत्र जपून ठेवा, आणि परीक्षा दिलीच नसेल तर किती दिवसांत देता येईल ते आत्ताच पाहा.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची पडताळणी आणि विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट त्यांच्याकडून थेट मूल्यांकन संस्थेकडे जावी लागते. बीएस्सी असेल तर नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, जीएनएम असेल तर राज्याचं नर्सिंग व पॅरावैद्यक शिक्षण मंडळ. हे काम अमेरिकेतून फोनवर होत नाही. निघण्याआधी स्वतः जाऊन करा, किंवा भावाला, मैत्रिणीला अधिकारपत्र देऊन ठेवा. कॉलेजमधल्या क्लार्कचा नंबर घेऊन ठेवा. क्लिनिकलचे तास विषयवार लिहिलेला कागद सही-शिक्क्यासह घ्या. प्रसूती, बालरोग, मानसोपचार या विभागांचे तास वेगळे दाखवलेले असावेत.

आता नावाचं. जीएनएमच्या सर्टिफिकेटवर ‘सुनीता रामचंद्र जाधव’, लग्नानंतर पासपोर्टवर ‘सुनीता विलास पवार’. बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं आलं आणि आडनावही बदललं. इथल्या क्लार्कला ही तीन नावांची रीत माहीत नसते. त्याच्या दृष्टीनं या दोन पूर्णपणे वेगळ्या बायका आहेत. त्यातून पासपोर्टमध्ये नाव आणि मधलं नाव एकाच रकान्यात असतं, त्यामुळे कुठं ‘सुनीता विलास’ हेच पहिलं नाव होऊन बसतं. सोशल सिक्युरिटी कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स, एनक्लेक्सची नोंदणी आणि ठशांची अपॉइंटमेंट, या चारही ठिकाणी अक्षर न अक्षर सारखं नाव ठेवा. विवाह प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत, राजपत्रातला नावबदल असेल तर त्याची प्रत, आणि कौन्सिलमध्ये नाव बदलून घेतलेली नोंद सोबत असू द्या. माझ्या ओळखीतल्या जितक्या मराठी नर्सेसचे अर्ज रखडले, त्यातले निम्मे तरी या एकाच कारणानं.

ठशांबद्दलही थोडं. दिवसातून पन्नास वेळा हात धुऊन आणि सॅनिटायझर लावून आपल्या बोटांवरच्या रेषा झिजतात, आणि ठसे अस्पष्ट म्हणून परत येतात. अपॉइंटमेंटच्या आधीचा आठवडाभर रात्री हाताला क्रीम चोळा, जमल्यास सुटीच्या दिवसाची वेळ घ्या. एका राज्यासाठी दिलेले ठसे दुसऱ्या राज्याला चालत नाहीत, इमिग्रेशनला दिलेले तर नाहीतच.

वाट पाहतानाच्या काळात

नोकरी हातात असेल तर एका राज्याचं लायसन्स घ्या. उद्या मल्टिस्टेट येणार म्हणून आजची फी वाचवू नका. मी वाचवली होती, आणि त्या फीच्या कितीतरी पट पगार गमावला. २०२२ मध्ये मी शेवटी न्यू जर्सीचं वेगळं लायसन्स काढलं आणि तीन वर्षं दोन्ही सांभाळली. दोन्हींच्या नूतनीकरणाच्या तारखा आणि सतत-शिक्षणाच्या अटी वेगळ्या असतात. फ्रिजवर कागद लावा, फोनमध्ये आठवण लावा, काहीही करा, पण एकही चुकवू नका.

राज्यात अंमलबजावणी सुरू झाली की जुनं लायसन्स आपोआप मल्टिस्टेट होत नाही. वेगळा अर्ज, वेगळी फी, नवे ठसे. पहिल्या काही आठवड्यांत झुंबड असते, म्हणून कागद आधीच तयार ठेवा. मग नर्सिस या राष्ट्रीय डेटाबेसवर स्वतःचं नाव टाकून पाहा. ते फुकट आहे. तिथं तुमच्या लायसन्ससमोर ‘मल्टिस्टेट’ हा शब्द दिसेपर्यंत दुसऱ्या राज्यात एकही शिफ्ट करू नका, मॅनेजर काहीही म्हणो. फोनवरून सल्ला देण्याच्या नोकरीलाही हेच लागू आहे. तुम्ही कुठं बसला आहात यापेक्षा पेशंट कोणत्या राज्यात आहे ते मोजलं जातं.

नर्स प्रॅक्टिशनर होण्याची तयारी करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की हा करार आरएन (रजिस्टर्ड नर्स) आणि एलपीएन (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स) यांच्यापुरता आहे. प्रगत नर्सेसचा करार वेगळा. त्याचा २०२० चा मसुदा लागू व्हायला ७ राज्यं हवी होती, आणि २०२४ संपेपर्यंत ४ राज्यांनीच कायदा केला होता.

घर बदललं तर

आपल्याकडे नवऱ्याचा प्रोजेक्ट बदलला की बिऱ्हाड हलतं. कॉम्पॅक्टमधल्या एका राज्यातून दुसऱ्यात राहायला गेलात तर २ जानेवारी २०२४ पासूनच्या नियमानुसार ६० दिवसांत नव्या राज्यात अर्ज करायचा. नवं लायसन्स हाती येईपर्यंत जुन्यावर काम करता येतं. टेक्सासमधून कॅलिफोर्नियात गेलात तर टेक्सासचं मल्टिस्टेट एका राज्यापुरतं होतं, आणि कॅलिफोर्नियाचं हातात आल्याशिवाय तिथं काम नाही. उलट दिशेला, बाहेरच्या राज्यातून कॉम्पॅक्टमध्ये येताना ६० दिवसांची सवलत धरू नका. जॉइन होण्याआधी लायसन्स लागेल. म्हणून ट्रान्सफरची कुणकुण लागली की सामान बांधण्याआधी बोर्डाचा अर्ज उघडा.

एजन्सीशी बोलताना

भरती एजन्सीची माणसं ‘कॉम्पॅक्ट होतंय, काळजी नको’ असं हमखास सांगतात. त्यांना ई-मेलनं एकच प्रश्न विचारा: माझ्या राहत्या राज्याचं मल्टिस्टेट लायसन्स जॉइनिंगच्या तारखेपर्यंत मिळालं नाही, तर दुसऱ्या लायसन्सची फी कोण भरणार आणि जॉइनिंग किती आठवडे पुढे ढकलता येईल? उत्तर लेखी आल्यावरच करारावर सही करा. त्यात नोकरी सोडल्यास भरपाईचं कलम असेल, तर लायसन्सच्या उशिरामुळे झालेला विलंब त्यातून वगळला आहे हे वाक्य स्पष्ट लिहून घ्या.